काळातली पोर

आमच्या घराण्याची वंशावळ 1900 सालापाशी येऊन थांबते. त्याआधीचं गाव, आडनाव, कुलदैवत यांपैकी काहीच कुणाला ठाऊक नाही. पणजी पाच-सहा वर्षांची असताना खामगावच्या मिशनच्या अनाथालयात आली, तिथून आमचा इतिहास सुरू होतो. तिला बापाचं नाव आठवत नव्हतं. आई आठवायची ती चिंचोक्यांमुळे. आई चिंचोके भाजायची, दगडावर ठेचायची, आधी आपल्या तोंडात घोळवून मऊ करायची आणि मग लेकीला भरवायची. दिवसभर ती सरकारी कामावर खडी फोडायची. एक दिवस तिने पोरीला मिशनच्या फाटकाशी बसवलं, ‘इथंच बस, हलू नको’ म्हणाली आणि गेली. पणजी संध्याकाळपर्यंत हलली नाही.

हे मी आजीकडून ऐकलं. आजीने ते तिच्या आईकडून इतक्या वेळा ऐकलं होतं की सांगताना तीच त्या फाटकाशी बसलेली असावी असं वाटायचं.

वऱ्हाडात असा काळ, म्हणजे दुष्काळ, पडेल यावर आदल्या पिढीचा विश्वास बसला नसता. इथली काळी जमीन म्हणजे सोनं. पण अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून कापसाला भाव आला, पाठोपाठ रेल्वे आली आणि शिवारात कापूस पसरत गेला. 1899 साली पावसाने पाठ फिरवली. ज्वारी बुडाली, कापूस बुडाला, आणि कापसाबरोबर मजुरीही बुडाली. बाहेरून रेल्वेने आलेलं धान्य बाजारात दिसत होतं, पण ते घ्यायला मजुराच्या हातात दिडकी नव्हती. चारा गेला, विहिरी आटल्या, मग पटकी आली. 1891च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 29 लाख होती. 1901मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. या आकड्यांत पणजीची आई कुठेतरी आहे, असं मी समजून चालतो.

अलायन्स मिशनने तेव्हा अकोल्यात मुलांना आणि खामगावात मुलींना आसरा दिला. आसरा मिळाला म्हणजे जीव वाचला असंही नव्हतं. उपाशी पोटाला अन्न सोसत नाही. पणजी सांगायची, रात्री शेजारी निजलेली पोर सकाळी उठायचीच नाही. ज्या जगल्या त्या मोठ्या झाल्या, लिहायला-वाचायला, शिवायला शिकल्या, आणि पुढे मिशनमध्येच वाढलेल्या मुलांशी त्यांची लग्नं झाली. दोन्ही बाजूंना सोयरे नाहीत, मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. अशा लग्नांतून आमच्यासारखी घरं उभी राहिली.

गावात आम्हाला ‘पोटासाठी बाटलेले’ म्हणत. माझ्या लहानपणीही हे कानावर यायचं आणि मला ते झोंबायचं. पणजीला झोंबत नसे. आजी तिचं उत्तर तिच्याच बोलीत सांगायची, “हो, पोटासाठीच गेलो. पोट का सैतानानं देल्लं? देवानंच देल्लं न?” मला या उत्तरात कुठेही लाचारी दिसत नाही. भुकेल्या माणसाने भाकरीकडे जाणं यात शरम कसली? प्रश्न पुढचा आहे. पोट भरल्यावर, मोठी झाल्यावर, जायला वाट मोकळी असताना ती का राहिली?

त्याचं उत्तर उत्तम शुक्रवारच्या उपासनेत आहे. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी बारा ते तीन क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. एप्रिलचं अकोल्याचं ऊन, तापलेली कौलं, घामाने भिजलेली माणसं. पणजी सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही आणि चौथ्या उद्गाराची वाट पाहायची. त्यात येशू आपल्या पित्याला विचारतो, मला का टाकलंस म्हणून. ते वाचलं जाताना ती उठून उभी राहायची. बाकी सगळे बसलेले असत. आजीने एकदा कारण विचारलं, तेव्हा म्हणाली, “देवाच्या पोरालेबी टाकलं होतं व माय. मी एकलीच नाही न टाकलेली.”

धर्मशास्त्राची पुस्तकं मी थोडीफार वाचली आहेत. वधस्तंभाचा याहून खरा अर्थ मला त्यांत मिळालेला नाही. देवाने तिला काही समजावून सांगितलं नव्हतं. तो तिच्या शेजारी फाटकाशी येऊन बसला होता, अशी तिची खातरी होती. त्या खातरीवर तिने उभा जन्म काढला. 1918च्या मानमोडीच्या साथीत दोन मुलं गेली, तेव्हाही.

पण दुःखाचे गोडवे गायलेले तिला खपत नसत. एकदा सभेला आलेला एक प्रचारक बोलण्याच्या भरात म्हणाला की देवाने तो दुष्काळ तुम्हाला प्रकाशात आणण्यासाठीच पाठवला. पणजी मागच्या सतरंजीवरून म्हणाली, “मंग माह्या मायले काऊन मारलं? मले तं तिच्या कडेवरबी आनता आलं असतं.” सभा गप्प झाली. आमच्या घरात हे वाक्य म्हणीसारखं चालतं. कुणी दुसऱ्याच्या मरणाला सोयीचं कारण चिकटवू लागलं की कुणीतरी म्हणतंच, मंग मायले काऊन मारलं?

अकोल्यात 1880च्या दशकापासून राहिलेल्या जेनी फुलर यांनी इथल्या बायकांच्या हालांवर पुस्तक लिहिलं, ते 1900 सालीच आलं. त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. रमाबाईंच्या तरुणपणी, भटकंतीत, त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. मग भाऊ गेला, नवरा गेला. 1897च्या आसपास मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या कानी आल्या, तेव्हा स्वतःची ती भूक आठवून त्या निघाल्या आणि तिथून मुली घेऊन आल्या. पुढे केडगावचं मुक्ती मिशन या मुलींनी भरलं. आपल्या आईला कशासाठी मरावं लागलं, याचा हिशेब रमाबाईंनाही लागला नसेल. दुसऱ्याची भूक ओळखायला मात्र त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

माझे एक चुलत आजोबा परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याला कुष्ठरोगाच्या दवाखान्यात ड्रेसर होते. पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम. ते फार कमी बोलायचे, पण पायांबद्दल विचारलं की खुलायचे. रोग्याला पायात काटा गेलेला कळत नाही, विस्तव कळत नाही, चपलेचा खिळा दिवसभर टाचेत रुतला तरी तो चालत राहतो. म्हणून रोज पाय पाण्यात बुडवून ठेवायचे, जाड झालेली कातडी खरखरीत दगडाने हलके घासायची, ओल्यावरच तेल चोळायचं, आणि मग डोळ्यांनी तळवा तपासायचा, कारण कातडी काही सांगत नाही. ज्याची बोटं झडली आहेत त्याचे पाय दुसऱ्याने धुवायचे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, तो भाग आजोबा कधी वाचून दाखवत नसत. त्यांच्या हाताखाली तो रोज सकाळी घडत होता.

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीपासून हेच शास्त्राने दाखवलं. रोग्याची बोटं आपोआप सडून पडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून जखमा होत राहतात आणि त्यांत बोटं जातात. ब्रँड ख्रिस्ती मिशनरींच्या घरी तमिळनाडूच्या डोंगरात जन्मलेले. वेदना ही देणगी आहे, असं त्यांनी पुढे लिहिलं. वऱ्हाडात हे बोलताना मी जपून बोलतो. शरीराला सावध करणारी वेदना आणि लेकरू मेलेल्या आईची वेदना यांना एका मापात घालता येत नाही.

सेवेचा मक्ता कुणा एका धर्माकडे नाही, हेही इथे सांगायला हवं. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत 1946 साली तपोवन सुरू केलं ते याच रोग्यांसाठी. आजोबा त्यांचं नाव हात जोडूनच घ्यायचे.

सेवेचं आणखी एक नाव वाशीमचं. तिथल्या रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखान्यात डॉ. एव्हलिन विटहॉफ होत्या. त्या 1941 साली भारतात यायला निघाल्या आणि वाटेत मनिलाला युद्धात अडकल्या. सांतो तोमासच्या जपानी छावणीत तीन वर्षांहून अधिक काळ काढला, शेवटी शेवटी तर उपासमारच. 1945 साली सुटल्यावर त्यांनी घरी बसायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. त्या मात्र भारतात आल्या.

आज अमरावती, अकोला, यवतमाळच्या गावांत काळ वेगळ्या रूपाने येतो. कापूस तोच, कर्ज सावकाराचं किंवा बँकेचं, आणि गोठ्यात किंवा शेतात जीव दिलेला घरचा कर्ता माणूस. माझी आई चर्चच्या मंडळीतल्या चार बाया घेऊन अशा घरी जायची. घर कुठल्या जातीधर्माचं हे बघायची नाही. नव्याने बरोबर येणाऱ्या मुलींना ती आधी ईयोबाची गोष्ट सांगायची. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले, त्याच्या दुःखाची कारणं काढू लागले आणि चुकले. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावरच.

मग ती कामं नेमून द्यायची. एकीने पाणी भरायचं, एकीने भांडी घासायची, एकीने लहान पोरांना अंघोळ घालून शाळेत धाडायचं. तिने स्वतः पिठलं-भाकर करायची. कर्जाचे कागद कुठे आहेत ते विचारून घ्यायचं, आणि तलाठ्याकडे, तहसिलीत बाईला एकटीला कुणी उभं करत नाही म्हणून तिच्यासोबत जायचं. बायबल पिशवीतच ठेवायचं. घरच्या बाईने विचारलं, तुम्ही कोणाच्या नावानं येता बाई, तर सांगायचं. नाही विचारलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा पाणी भरायला जायचं.