वगळलेले ठिपके

दोन राशींचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे कीं नाहीं, हें पाहण्याची एक साधी रीत आहे. एक राशि आडव्या रेषेवर घ्यावी, दुसरी उभ्या रेषेवर घ्यावी, आणि प्रत्येक निरीक्षणासाठीं कागदावर एक ठिपका द्यावा. ठिपके एका बाजूस कललेले दिसले, तर संबंधाचा संशय घ्यावा. वाटेल तसे विखुरले, तर घेऊं नये. जॉन हर्शेल या ज्योतिर्विदानें १८३३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत जोडताऱ्यांचें भ्रमण याच रीतीनें अभ्यासिलें. रीत सोपी खरी. पण कोणते ठिपके मांडावयाचे, हा प्रश्न सोपा नाहीं.

अमेरिकेचें 'चॅलेंजर' हें अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजीं फ्लॉरिडांतून सुटावयाचें होतें. त्याच्या दोन बाजूंस जोडलेल्या अग्निबाणांचे सांधे रबरी कड्यांनीं बंद केलेले असत. थंडीनें रबर ताठर होतें, आणि मग आंतील तप्त वायूस वाट मिळण्याची भीति असते. आदल्या रात्रीं कडाक्याची थंडी पडणार असें कळतांच अग्निबाण बनविणाऱ्या कारखान्यांतील अभियंत्यांनीं सल्ला दिला कीं, ५३ अंश फॅरनहीटच्या खालीं उड्डाण करूं नये.

त्यावर दूरध्वनीवरून बराच वाद झाला. ज्या पूर्वींच्या उड्डाणांत कड्यांस इजा झाली होती, तेवढींच विचारांत घेतलीं गेलीं. इजा ५३ अंशांवर झाली होती, तशीच ती ७५ अंशांवरही झाली होती. मग थंडीचाच दोष कसा म्हणावा? शेवटीं कारखान्याच्या व्यवस्थापकांनीं सल्ला फिरविला. दुसऱ्या दिवशीं यान उडालें, आणि ७३ सेकंदांनीं आकाशांतच त्याचे तुकडे झाले. आंतील सातही जण प्राणांस मुकले.

पुढें विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळानें, जीं उड्डाणें कड्यांस इजा न होतां पार पडलीं, त्यांचेही ठिपके आलेखावर मांडले. तोंच चित्र पालटलें! ६६ अंश किंवा त्याहून अधिक उष्णतामानांत झालेल्या वीस उड्डाणांपैकीं केवळ तिहींत इजा झाली होती. ६३ अंश किंवा त्याहून कमी उष्णतामानांत झालेल्या चारही उड्डाणांत ती झाली होती. आणि अपघाताच्या दिवशीं हवा होती ३६ अंश, म्हणजे पूर्वींच्या कोणत्याही उड्डाणाहून १५ अंशांनीं थंड.

ठिपके कारण सिद्ध करीत नाहींत, हें खरें. तें रबराच्या गुणधर्मांवरूनच ठरावयाचें. पण ते वेळीं सावध करतात, आणि तेंही सर्व मांडले तरच. बरे झालेले रोगीच तेवढे मोजणाऱ्या वैद्यास आपल्या औषधाचा गुण कधींच कळत नाहीं. जेथें कांहीं बिघडलें नाहीं, तेथील साक्षही तितकीच मोलाची असते. ती त्या रात्रीं कोणीं विचारली नाहीं.