वेळास : एका गावाच्या वस्तीची कथा

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास हे लहानसे गाव वसले आहे. नाना फडणिसांचे मूळ गाव म्हणून आपण त्याचा अभिमानाने उल्लेख करतो. परंतु नानांचा जन्म वेळासचा नव्हे. ते १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास जन्मले. या एका गोष्टीत वेळासचा, किंबहुना आपल्या साऱ्या कोकणपट्टीचा इतिहास सामावलेला आहे.

खाडीपलीकडील श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे देशावर निघाले, तेव्हा वेळासचे भानू बंधूही त्यांच्यासमवेत निघाले. जी भाकरी मिळेल तीतील चतकोर भानूंचा, असे वचन त्या वेळी दिले गेल्याची आख्यायिका आहे. १७१३ साली बाळाजीपंतांस पेशवेपद मिळाले आणि पुढे फडणिशी भानूंच्या घराण्यात आली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी घाट चढून गेलेली पावले माघारी वळली नाहीत. पुढील पिढ्या शिक्षणासाठी व चाकरीसाठी पुण्या-मुंबईची वाट चालू लागल्या.

तथापि कोकण सोडणारे केवळ आपलेच ज्ञातिबांधव होते, असे समजणे अन्यायाचे होईल. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि कालांतराने कोकणातील कष्टकरी कुटुंबांतील तरुण गिरण्यांकडे लोटले. या ओढीमागे खोतीचा भारही होता, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ च्या कायद्याने ती पद्धत संपली. कुळकायद्याने कसणाऱ्यास जमीन मिळाली आणि आपल्यापैकी पुष्कळांचा गावाशी असलेला उत्पन्नाचा संबंध तुटला. घरांना कुलपे लागली ती या काळात अधिक. मात्र शेत मिळालेल्या घरातील मुलगाही मुंबईसच गेला. कारण खाचराच्या त्या तुकड्यावर वर्षभराची चूल पेटत नव्हती.

या स्थित्यंतराची साक्ष खानेसुमारी देते. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असता येथे ८१ हजारांहून अधिक माणसे घटली. २०११ मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. गाव कोणी सांभाळले, हे या आकड्यावरून उमगते.

वेळासने मात्र एक निराळी वाट काढली आहे. तेथील किनाऱ्यावर समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. पूर्वी ती अंडी चोरीस जात. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' संस्थेने ग्रामस्थांच्या साह्याने त्यांचे रक्षण आरंभिले. आता पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात, ग्रामस्थांच्या घरी उतरतात, त्यांच्या ओसरीवर जेवतात. ज्या गावातून माणसे केवळ जात होती, तेथे काही आठवडे का होईना, माणसे येऊ लागली.

आपल्या कुलवृत्तान्तांत गेलेल्यांची नावे पानोपानी आहेत. मागे राहून देवापुढे दिवा लावणाऱ्यांची, विहीर उपसणाऱ्यांची, बाग शिंपणाऱ्यांची नावे क्वचितच आढळतात. कुलदैवताच्या उत्सवास गावी जाणाऱ्या प्रत्येक सभासदाने यंदा एक काम अगत्याने करावे. गावात राहिलेल्या वृद्धांपाशी, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, घटकाभर बसावे आणि कोणत्या घरातून कोण, केव्हा व कशासाठी गेले, हे लिहून घ्यावे. हे जाणणारी पिढी आज हयात आहे, तोवरच हे काम होण्याजोगे आहे.