मूल्यं करारात उतरू द्या

पावसाळा सरला की कर्जत-खालापूरच्या रिसॉर्टांत मुंबई-पुण्याच्या कंपन्यांची शिबिरं भरू लागतात. दोन दिवसांत चार-पाच शब्द ठरतात: सचोटी, आदर, ग्राहकनिष्ठा, उत्कृष्टता. पुढे ते ऑफिसच्या भिंतीवर येतात, ओळखपत्रावर येतात, नोकरीच्या मुलाखतीतही विचारले जातात. आधी मूल्यं ठरवा, त्यांना जुळणारी माणसं घ्या, म्हणजे कंपनीची संस्कृती घडते, असं या खटाटोपामागचं गृहीत आहे. मला हा क्रमच उलटा वाटतो.

पूर्वपक्ष दुबळा नाही. जिम कॉलिन्स आणि जेरी पोरस यांनी 1994 साली ‘बिल्ट टु लास्ट’ या पुस्तकात दीर्घकाळ टिकलेल्या कंपन्यांचा अभ्यास मांडला आणि न बदलणाऱ्या मूल्यांना त्यात मोठं स्थान दिलं. या बाजूचा लाडका दाखला जॉन्सन अँड जॉन्सनचा. या कंपनीने आपला जाहीरनामा 1943 मध्ये लिहिला. पुढे 1982 मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या तिच्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळलं, सात माणसं दगावली आणि कंपनीने अमेरिकाभरातला माल परत बोलावला. शब्द आधी लिहिलेले होते म्हणून निर्णय घेता आला, असं सांगितलं जातं.

पण शब्द एन्रॉनकडेही होते. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला ही कंपनी चांगलीच ठाऊक आहे. आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता ही तिची चार जाहीर मूल्यं, आणि डिसेंबर 2001 मध्ये हिशेबातल्या लबाडीपायी तिचं दिवाळं निघालं. कारण दोन्हीकडे सारखं आणि कार्य मात्र उलटं, अशा हेतूला आपले नैयायिक व्यभिचारी म्हणत. त्याने काहीच सिद्ध होत नाही. जॉन्सनचा जाहीरनामा नीट वाचला तर खरा फरक दिसतो. त्यात आधी रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आणि आया, मग कामगार, मग समाज आणि सर्वांत शेवटी भागधारक, असा जबाबदारीचा क्रम लावलेला आहे. कोणाचा हक्क आधी, हे त्यात ठरलं होतं. एन्रॉनच्या चार शब्दांत कोणाचाच हक्क नव्हता.

इथे कोणीही टाटांचं नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवं, कारण शिबिरांच्या याच परिसरात त्यांची वीजघरं आहेत: खालापूर तालुक्यातलं खोपोलीचं वीजघर 1915 चं आणि कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं 1922 चं. लोणावळ्याच्या बाजूचं पाणी घाटमाथ्यावरून नळांतून खाली आणायचं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, या योजनेमागे जमशेटजींची दृष्टी होती. ‘टाटांनी मूल्यांवर उद्योग उभारला’ हे वाक्य खोटं नाही. मात्र ती मूल्यं कुठल्या रूपात लिहिली गेली, ते पाहावं. पोलादाच्या कारखान्याची जागाही ठरली नव्हती तेव्हा, 1902 मध्ये, जमशेटजींनी मुलाला, दोराबजींना, पत्र लिहिलं. त्यात रुंद रस्ते, लवकर वाढणारी सावलीची झाडं, बागा, फुटबॉल-हॉकीची मैदानं, मंदिर-मशीद-चर्चसाठी जागा, अशा सूचना आहेत. त्यांच्याच नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये 1886 ला पेन्शन फंड आला. जमशेदपुरात, पोलादाच्या कारखान्यात, आठ तासांचा दिवस 1912 मध्ये आला आणि 1920 मध्ये प्रॉव्हिडंट फंड. त्याच 1920 मध्ये तिथे मोठा संपही झाला होता, हे विसरता कामा नये. हक्क मालकाच्या सद्‌भावनेतून येतात तसे कामगाराच्या आग्रहातूनही येतात. एकदा नियमात बसले की मागता येतात. संस्कृती त्यातून रुजते.

आणि ज्यांचं नाव नियमात नसतं, त्यांना तीच संस्कृती लागू होत नाही. याच टाटा समूहाच्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 मध्ये मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. जमिनी गेल्या, धरण झालं, भिऱ्याचं वीजघर 1927 मध्ये सुरू झालं. आठ तासांचा दिवस देणारा उद्योगसमूह तोच होता. त्याच्या कामगाराला हजेरीपटावर जागा होती, मावळ्याला कुठेच नव्हती.

आजच्या खोपोली-सावरोली पट्ट्यात हे रोज दिसतं. गेटवर मूल्यांचा फलक असतो आणि शेजारी ‘अपघातविरहित दिवस’ असा आकडा. आकडा मोठा झाला की साहेबांना शाबासकी मिळते. त्यामुळे ठेकेदाराच्या पोऱ्याचं बोट मशीनमध्ये चेचलं, तर त्याला कंपनीच्या दवाखान्यात न नेता ठेकेदाराच्या गाडीतून बाहेरच्या डॉक्टरकडे न्यायचं, चार दिवसांची हजेरी भरून द्यायची आणि फलकावरचा आकडा पुढे चालू ठेवायचा, असले प्रकार औद्योगिक वसाहतीत नवे नाहीत. सुरक्षितता हे मूल्य त्या गेटवर लिहिलेलं असतंच. पण अपघात सांगणाऱ्याला संरक्षण देणारी एक ओळसुद्धा करारात नसते.

‘मूल्यांशिवाय नुसते नियम कोरडे पडतात’ हा आक्षेप मला मान्य आहे. नियमाच्या पलीकडे जाणारा सुपरवायझर मिळणं भाग्याचं, पण तो बदलून गेला की पोऱ्याच्या हातात काय उरतं? ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने द्यावा, असं 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याला लिहावं लागलं, कारण ते कोणाच्या औदार्यावर सोडण्यासारखं नव्हतं. शेतकऱ्याचंही तसंच आहे. टाटांच्या भिवपुरी वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर पेज नदी वाहते आणि राजनाल्याखालची उन्हाळी भातशेती पिकते. तिथला शेतकरी कंपनीचं ध्येयवाक्य विचारत नाही. पाणी कधी सुटणार आणि किती दिवस राहणार, एवढंच विचारतो. कंपनीची पारख करायला याहून चांगला प्रश्न मला सापडलेला नाही.

तेव्हा कर्जतला शिबिरासाठी येणाऱ्या मंडळींना विनंती आहे. या वेळी शब्द निवडू नका. ठेकेदारांशी केलेले करार बरोबर आणा, साफसफाईच्या आणि सिक्युरिटीच्या माणसांपैकी दोघांना बैठकीत बसवा, आणि त्यांना मागता येईल असा एक तरी हक्क तारखेसह त्या करारात लिहूनच परत जा.