माथेरान : झाडीतली सोपी वाट, पण कोणासाठी?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील कुटुंबांना डोंगरावरील रानात फिरण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कर्जत लोकलने बदलापूर सोडले की वांगणी, शेलू आणि नेरळ. तेथून टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर उतरायचे. खासगी मोटारींची हद्द येथेच संपते.

घाट वाहनानेच चढून झालेला असल्याने पुढची वाट सोपी. माथेरान हे सुमारे ८०० मीटर उंचीवरील पठार आहे. १९०७ साली सुरू झालेल्या छोट्या रेल्वेच्या रुळांलगत अडीच-तीन किलोमीटर चालले की बाजारपेठ येते. लहान मुले दमल्यास अमन लॉज स्थानकावरून शटल गाडी मिळते. (पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते.) बाजाराच्या पुढे शार्लोट तलावाकडे जाणारी वाट सर्वांत रमणीय. अंजनी, जांभूळ, पिसा अशा सदाहरित वृक्षांची दाट सावली आणि पायाखाली तांबडी माती. तलावाकाठी पिसरनाथाचे मंदिर आहे. जवळच्या एको आणि लुईझा पॉइंटवर मात्र मुलांचा हात सोडू नये, आणि खाऊची पिशवी माकडांपासून सांभाळावी.

ठाण्याचे जिल्हाधिकारी मॅलेट १८५० साली येथे आले आणि गिरिस्थानाचा पाया घातला गेला. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. मोटारी नसल्यानेच ही झाडी टिकली, हे खरे. परंतु ज्यांना चालवत नाही अशा वृद्धांसाठी घोडा किंवा माणसाने ओढायची हातरिक्षा एवढाच पर्याय वर्षानुवर्षे होता. चढावर पुढून ओढणारा आणि मागून रेटणारे यांची दमछाक पाहिलेल्याला त्या आसनावर बसणे सुखाचे वाटणार नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षेची प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचे, तसेच ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना आखण्याचे आदेश राज्य सरकारला दिले. दस्तुरी ते शिवाजी महाराज पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला मुभा मिळाली. आतील वाटांवर मात्र मनाई कायम राहिली. रानाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्याला मात्र तलावाकडची मातीची वाट, विशेषतः पावसाळ्यात, कठीणच जाते.