पांढरी दिसली म्हणून मारू नका. ती अळी मिलीबग खाते

द्राक्ष, सीताफळ, पेरूच्या बागेत पांढरा कापूस दिसला की आपण लगेच फवारणीचा पंप काढतो. पण पांढरं दिसणारं सगळंच मिलीबग (पिठ्या ढेकूण) नसतं. क्रिप्टोलिमस या मित्रकिडीची अळीही तशीच पांढरी, मेणचट असते आणि ती मिलीबगच खाते.

ओळख कशी?
मिलीबग साधारण 3 ते 4 मिलिमीटरचा, बहुतेक वेळ एका जागी चिकटलेला. अळी वाढली की त्याच्या दुप्पट-तिप्पट होते, अंगावर लांब झुपके असतात, काडीने डिवचली की चालायला लागते. तिचा भुंगेरा काळपट, डोकं नारिंगी. ही कीड मूळची ऑस्ट्रेलियाची, 1898 मध्ये भारतात आणली गेली.

जहाल औषधाने काय होतं?
सालीखालचा मिलीबग वाचतो, उघड्यावर फिरणारे मित्रकीटक आणि कोळी मरतात. पायरेथ्रॉइड औषधं वारंवार मारली तर लाल कोळी खाणारे कोळीही संपतात, मग लाल कोळी वाढतो. पुन्हा फवारणी, पुन्हा खर्च.

काय करावं?
मिलीबगच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, म्हणून खोडाला चिकटपट्टी बांधा. द्राक्षाची सुटी साल काढा. औषध लागलंच तर फक्त लागण झालेल्या झाडांवर मारा. फुलोऱ्यात मधमाश्या असतात, तेव्हा फवारणी टाळा. पंप काढण्याआधी दहा झाडं जवळून बघा.