गाण्यातून सूट



माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते पाळीवरून सुटल्यावर वाचनालयात. तेथेच मला आजचा माणूस भेटला.

१८७२ साली जपान सरकारने शिक्षणाचा कायदा केला. प्राथमिक शाळेच्या विषयांत गायन घातले आणि पुढेच शेरा मारला, की तूर्त हा विषय वगळावा. कारण उघड होते. शिकवणार कोण?

१८७५ साली अध्यापनाची विद्या शिकण्यासाठी सरकारने तीन तरुण अमेरिकेस धाडले. त्यांतला इसावा शूजी हा आइची येथील अध्यापक शाळेचा प्रमुख. म्हणजे हेडमास्तर असून पुन्हा बाकावर बसलेला. मॅसॅच्युसेट्समधील ब्रिजवॉटरच्या अध्यापक विद्यालयात तो दाखल झाला. सर्व विषय निभावले, गाणे मात्र निभेना. लहानपणी पलटणीत त्याने पाश्चात्य धाटणीचा ढोल वाजविला होता, म्हणजे ताल अंगात होता. परंतु सप्तकातले चौथा आणि सातवा, आपले म आणि नि, त्याच्या गळ्यातून नीट निघेनात. लहानपणापासून कानावर पडलेल्या गाण्यांची बांधणीच निराळी होती. आपल्या भूपात हेच दोन स्वर वर्ज्य आहेत. जन्मभर भूपच ऐकलेल्या माणसाला एकदम बिलावलाची सरगम म्हणावयास लावली तर काय होईल, ते येथील गाणाऱ्या मंडळींनी सांगावे.

मुख्याध्यापक भला माणूस होता. तुम्ही दूर देशाहून आलात, तुम्हांला गाण्यातून सूट देतो, असे त्याने सांगितले. इसावा तीन दिवस रडला, असे त्याच्याच आठवणींत आहे. मला हे रडणे कळते. आमच्या एका अभ्यासशिबिरात समूहगीताच्या वेळी, तुम्ही नुसते उभे राहा, असे मला प्रेमाने सांगण्यात आले होते. शिव्या परवडतात, अशी सूट परवडत नाही.

इसावाने सूट नाकारली. बोस्टनच्या प्राथमिक शाळांत संगीत शिकविणाऱ्या ल्यूथर व्हायटिंग मेसन यांच्याकडे तो जाऊ लागला आणि स्वर गळ्यावर चढवूनच राहिला. १८७८ साली तो परतला. पुढल्याच वर्षी सरकारने संगीत-संशोधनाची कचेरी काढून ती त्याच्याकडे सोपविली. १८८० साली मेसनसाहेबांनाच तोक्योस बोलावून घेतले. शिक्षक तयार होऊ लागले, आणि १८८१ पासून शाळागीतांची पुस्तके निघाली. १८८७ साली त्या कचेरीचे तोक्यो संगीत विद्यालय झाले. पहिला प्रमुख इसावाच.

येथवर कोणीही टाळी वाजवील. परंतु पगार देणारा गाणे कशासाठी शिकवितो, हे विचारण्याची आम्हां कामगारांना खोड आहे. सम्राटाच्या राज्यस्थापनेच्या सणाचे गीत शाळाशाळांतून म्हटले जाई, त्याची चाल इसावाचीच. पहिल्या पुस्तकात एका स्कॉटिश लोकगीताच्या चालीवर काजव्यांच्या उजेडाचे गाणे आहे. शाळा सोडणारी मुले ते निरोपाला म्हणत. पहिल्या दोन कडव्यांत अभ्यास आणि ताटातूट. चौथ्यात मात्र उत्तरेकडील चिशिमा बेटे आणि दक्षिणेचे ओकिनावा ही आपल्याच देशाची राखण होत, असे मुलांकडून वदविले आहे. ओकिनावाचे राज्य खालसा होऊन तेव्हा, १८७९ पासून, जेमतेम दोन वर्षे झाली होती. १८९५ साली तैवान जपानच्या ताब्यात आले, तेव्हा तेथील शिक्षणखात्याचा पहिला प्रमुख म्हणून हाच इसावा गेला, आणि तेथील मुलांना जपानी भाषा शिकवू लागला. त्या मुलांपैकी किती जणांना सूट हवी होती, हे त्याने विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

ते निरोपाचे गाणे जपानात अजून ऐकू येते. म्हणतात ती बहुधा पहिली दोनच कडवी.