नरीमन-खेर प्रकरण : निवड आधीं, चौकशी मागाहून

मुंबई इलाख्याच्या राजकीय इतिहासांत १९३७ सालचें नरीमन-खेर प्रकरण बहुधा दोन व्यक्तींमधील स्पर्धा म्हणून सांगण्यांत येतें. परंतु घटनांचा क्रम लाविला असतां त्यांतील मूळ प्रश्न कार्यपद्धतीचा आहे, असें दिसून येतें.

खुर्शेद फ्रामजी नरीमन हे मुंबई प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्ष होते. बॅकबे भरणीच्या कामांतील गैरकारभार त्यांनीं उघडकीस आणिला. त्यापायीं हार्वे यांनीं केलेल्या अब्रुनुकसानीच्या फिर्यादींतून ते निर्दोष सुटले व त्यांचा लौकिक वाढला. पुढें १९३४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकींत ते ऐन वेळीं उमेदवारींतून दूर झाले. काँग्रेसतर्फे डॉ. गोपाळराव देशमुख व कन्हैयालाल मुनशी उभे राहिले. देशमुख निवडून आले. मुनशी पडून सर कावसजी जहांगीर विजयी झाले. नरीमन यांच्या वर्तनाविषयीं तेव्हांपासूनच संशय होता. परंतु त्याचा निवाडा झाला नाहीं.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीनंतर पक्षाचें नेतृत्व नरीमन यांजकडे जाईल, असा सार्वत्रिक समज होता. मार्च महिन्यांत पक्षाच्या सभासदांनीं बाळासाहेब खेर यांस नेमिलें. हें सरदार वल्लभभाई पटेल यांच्या दडपणामुळें घडलें, असा आरोप नरीमन यांनीं केला. जुलैंत खेर पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्य मंत्र्यास त्या वेळीं हीच संज्ञा होती. त्यानंतर महात्मा गांधी व बहादुरजी यांनीं दिलेल्या निर्णयांत पटेलांवरील आरोप सिद्ध मानिला नाहीं. १९३४ च्या बाबतींत मात्र नरीमन दोषी ठरले. काँग्रेस कार्यकारिणीनें त्यांस जबाबदारीच्या पदास अपात्र ठरविलें.

नेता निवडण्याचा सभासदांचा हक्क वादातीत आहे, व खेर यांच्या सचोटीविषयींही शंका नाहीं. परंतु १९३४ चा संशय हें नरीमन यांस वगळण्याचें कारण असेल, तर त्याची चौकशी मार्चपूर्वीं व्हावयास हवी होती. तें कारण नसेल, तर मागाहून लागलेल्या निकालानें मार्चमधील निवडीचें समर्थन होत नाहीं. मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाल्यावर आलेला निर्णय कितीही न्याय्य असला, तरी तो झालेल्या गोष्टीवरील शिक्कामोर्तबासारखा भासतो. म्हणूनच हा वाद त्या निर्णयानें मिटला नाहीं. नरीमन पुढें सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्यें गेले व १९४८ सालीं निवर्तले.

उमेदवार बदलण्याचा प्रसंग कोणत्याही पक्षावर येऊं शकतो. अशा वेळीं दोषाचा निवाडा आधीं व नवी निवड नंतर, हा क्रम पाळल्यास वगळलेल्यास न्याय मिळतो आणि त्याच्या जागीं येणाऱ्याचाही अधिकार निष्कलंक राहतो.